झाळलेल्या तोंडाचा गडू

मी एक जुना तांब्याचा गडू आहे. वीतभर उंचीचा, पोटाला गोल, आणि तोंड कथलाने झाळून पक्के बंद केलेला. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या देवघरात माझा एखादा भाऊ असेल. तुम्ही त्याला पाहिले असेल, पण हातात घेतले नसेल, कारण मोठी माणसे घेऊ देत नाहीत. आमच्या पोटात गंगेचे पाणी असते. माणूस जायला टेकला, की आमचे तोंड फोडायचे आणि ते पाणी त्याच्या तोंडात घालायचे. म्हणजे आमचे काम आयुष्यात एकदाच. तेही नीट जमेल का, या काळजीत माझी चाळीस वर्षे गेली. मला गोष्ट चांगली सांगता येते असे नाही, पण घडले ते सांगून ठेवावेसे वाटते.

काशीच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. बंदर खात्यात कारकून असलेले सखारामअण्णा आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यात्रेला आले होते. त्यांनी मला घाटावर भरून घेतले आणि रत्नागिरीजवळच्या काळबादेवी गावी आणले. यात्रेहून परतल्यावर करतात ते मावंदे झाले, पंगत उठली, माझी पूजा झाली. अण्णांची धाकटी बहीण हौसाबाई मला कुंकू लावून म्हणाली, “ह्याला नुसतं बघूनच पुण्य लागेल हो.” इतके कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

मग मी देवघराच्या वरच्या फळीवर बसलो. पळी-पंचपात्र रोज चिंचेने घासले जाई. मला कोणी हलवत नसे. “तो खाली काढला, की घरात काहीतरी होतं,” असे हौसाबाई सांगत. मी पवित्र होतो की अपशकुनी, हे मला कधी नीट कळले नाही. आणखी एक धास्ती होती. दर उन्हाळ्यात मी थोडा हलका होतो, असे मला वाटे. कथलाला सुईएवढे भोक पडले असेल तर? वेळ आली आणि मी रिकामाच निघालो तर?

अकरा वर्षांपूर्वी वेळ आली. आनंदीबाईंना दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले होते. अण्णांनी मला पिशवीत घालून बरोबर घेतले. पण त्या काचेच्या दाराआड होत्या, तोंडात नळी होती, आणि आत जायला परवानगी नव्हती. तीन दिवस मी बाहेरच्या बाकाखाली होतो, अण्णांच्या वहाणांशेजारी. सगळे संपल्यावर मी झाळलेल्या तोंडाने घरी आलो. अण्णांनी मला फळीवर ठेवले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मला फार अपराधी वाटले. माझी चूक नव्हती, तरी वाटले.

यंदा भातकापणीच्या आधी अण्णा स्वतः आजारी पडले. फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तो हाताबाहेर गेला होता. मुलगा निलेश आणि सून तेजस्वी यांना डॉक्टरांनी सांगितले, पण अण्णांना कोणी सांगितले नाही. “छातीत डाग आहे, दिवाळीपर्यंत भरून येईल,” असे निलेश म्हणे. फ्रिजवर त्याने रुग्णवाहिकेचा नंबर चिकटवला होता. तो नंबर मला फळीवरून दिसे. दिसला, की मला बाकाखालची ती जागा आठवे.

दर मंगळवारी समरीन नावाची नर्स घरी येई. बऱ्या न होणाऱ्या माणसांचा त्रास कमी करणे, हे तिचे काम. एका मंगळवारी ती अण्णांची उशी नीट करत असताना अण्णा म्हणाले, “समरीन, तू तरी खरं सांगशील ना गो? दिवाळीचा फराळ मी खाणार का?”

समरीन खुर्ची ओढून बसली. म्हणाली, “अण्णा, मला नाही वाटत.”

दारात उभ्या निलेशचा चेहरा उतरला.

“वाटलंच होतं,” अण्णा म्हणाले. “हा खोटं बोलताना कान खाजवतो, लहानपणापासून. महिनाभर कान लाल आहे त्याचा.” मग थोडा दम घेऊन म्हणाले, “देवघरातला गडू आण.”

हौसाबाई लगबगीने पुढे आल्या. “दादा, तो आत्ता नाही काढायचा. तो शेवटाला.”

“शेवटाला मला चव तरी कळेल का? आनंदीच्या शेवटाला हा माझ्या वहाणांजवळ होता. मला काचेमागे न्यायचं नाही, निलेश. इथंच, खिडकीजवळ. आणि हे पाणी मला शुद्धीत प्यायचंय.”

“आणि दम लागला तर मी नुसता बघत बसू?” निलेश आत येत म्हणाला.

“बघत नाही बसायचं,” समरीन म्हणाली. “करण्यासारखं बरंच असतं. मी दाखवते.”

निलेशने स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी आणली. मित्रांनो, त्या चार ठोक्यांत मी जितका घाबरलो, तितका भट्टीतही घाबरलो नव्हतो. कथील तुटले. त्याने मला वाटीत ओतले. पाच-सहा चमचे पाणी निघाले.

“एवढंच?” हौसाबाई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण अण्णा हसले. “चाळीस वर्षांत माझ्या डोक्यावर तरी काय राहिलंय?”

समरीन म्हणाली, इतके जुने पाणी तसेच देऊ नका, उकळून गार केलेल्या पाण्यात त्यातला थेंब घाला. “आमच्या आजोबांचं मक्केहून आणलेलं झमझमचं पाणीही थोडंच होतं. असंच पुरवलं.” हौसाबाईंनी विचार केला. “एका थेंबाने सगळी गंगाच होते,” असा निकाल त्यांनीच दिला. अण्णांनी घोट घेतला. “काही विशेष नाही. आपल्या विहिरीसारखंच लागतं,” म्हणाले, आणि आणखी एक घोट मागितला.

त्या दिवसापासून मी त्यांच्या उशाशी होतो. तेजस्वी रोज मला धुई आणि ताजे पाणी भरी. पण माझी काळजी संपली नव्हती. एकदा अण्णा गुंगीत असताना हौसाबाईंनी मायेने त्यांच्या तोंडात चमचाभर पाणी ओतले. अण्णांना जोराचा ठसका लागला, चेहरा निळसर झाला. तेजस्वीने त्यांना कुशीवर वळवले तेव्हा कुठे श्वास आला. ज्या पाण्यासाठी मी जन्मलो, त्याच पाण्याने ते गुदमरले होते. हौसाबाई कोपऱ्यात बसून रडल्या. समरीनने त्यांचा हात धरून शिकवले. गिळता येत नसले, की ओतायचे नाही. कापूस भिजवून, पिळून, ओठ आणि जीभ फक्त ओली करायची.

पुढच्या सोमवारी दुपारी अण्णांचा श्वास बिघडला. मध्येच थांबे, मग घरघर येई. निलेश उठला आणि फ्रिजपाशी गेला. त्याने अर्धा नंबर फोनवर दाबला. मी इतका जवळ होतो आणि काहीच करू शकत नव्हतो.

“नेऊ या का?” त्याने विचारले.

“मी समरीनला फोन करते,” तेजस्वी म्हणाली. “तू ते औषध दे. आणि अण्णा काय म्हणाले होते, ते आठव.”

निलेशने अण्णांकडे पाहिले, मग खिडकीकडे. फोन माझ्याशेजारी पालथा ठेवला. दम लागल्यावर द्यायचे औषध समरीनने सांगितल्याप्रमाणे जिभेखाली दिले. मग कापूस माझ्या पाण्यात भिजवून त्याने अण्णांच्या ओठांना लावला. अण्णांचे ओठ कापसावर मिटले. हौसाबाई त्यांचे तळवे चोळत होत्या. बाहेर कोणाच्या तरी खळ्यात भात झोडत होते. समरीन पोचली तोवर घरघर कमी झाली होती. चारच्या सुमारास दोन श्वासांमधले अंतर वाढत गेले, आणि पुढचा श्वास आला नाही.

चांगले मरण कशाला म्हणावे, हे मला नक्की सांगता येणार नाही. अण्णांना त्रास अजिबात झाला नाही, असे नाही. निलेश अजून कधीकधी विचारतो, “नेलं असतं तर?” एवढे मात्र मी पाहिले, की या वेळी मधे काच नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर तेजस्वी मला पुन्हा फळीवर ठेवायला निघाली. हौसाबाईंनी तिला थांबवले. मला स्वतःच्या खाटेजवळ, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवले आणि म्हणाल्या, “बस गो जरा. माझं काय नि कसं करायचं, ते आत्ताच सांगून ठेवते. मग विसरेन.”

मित्रांनो, मला जपा, पण झाळून ठेवू नका. घरातले म्हातारे माणूस काही सांगू लागले, तर “असं बोलू नये” म्हणून त्याला गप्प करू नका. हौसाबाई त्या दिवशी तासभर बोलल्या. मधे घसा सुकला, तेव्हा त्या माझ्यातलेच पाणी प्यायल्या.