बर्फावर ठेवलेले इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. तुम्ही प्रेमाने ऐकायला बसला असाल, पण मी प्रेमाने सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका. माणसांविषयी मला फारसे चांगले बोलता येत नाही. ज्यांनी मला घडवले त्यांच्याविषयी थोडे येते, एका बाईविषयी त्याहून जरा अधिक येते. नॉर्बर्ट काचमारेक या माणसाविषयी मी जे बोलेन, ते तुमच्या आईवडिलांच्या कानावर गेले नाही तर बरे.

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका फाउंड्रीत माझा जन्म झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले गेले आणि मी थंड होऊन बाहेर पडले. माझ्या पोटात आठ नळ्या होत्या, एकेक एवढी रुंद की पाण्याचा तांब्या आत सहज उतरावा. भिंती पोकळ ठेवल्या होत्या, कारण मी तापले की त्यांतून पाणी खेळवावे लागे. ते पाणी काढून टाकायला दोन्ही कुशींना एकेक लहान बूच होते. ही बुचे लक्षात ठेवा. माझे वाटोळे त्यांच्यापाशी झाले.

त्या काळात गाड्या बनवणाऱ्यांना वेगाचे वेड लागले होते. रस्त्यावरच्या साध्या गाडीत शर्यतीचे इंजिन बसवायचे आणि रविवारी जिंकायचे, असा तो हट्ट होता. माझ्यासारखी थोडीच घडली. मी पेट्रोल ढोसत असे, थंडीत चालू व्हायला नखरे करत असे, आणि नुसते जागेवर गुरगुरले तरी शेजाऱ्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरत. शहाण्या माणसाने मला घेतलेच नसते. मला नॉर्बने घेतले.

नॉर्ब बे सिटीतल्या क्रेनच्या कारखान्यात वेल्डर होता. खांदे रुंद, आवाज मोठा, कातडी मात्र पातळ. त्याची बायको बर्नाडेट, सगळे तिला बर्नी म्हणत, पोलिश वस्तीतल्या बेकरीत काम करी. तिच्या कोपरापर्यंत सदा पीठ असे. माझी नारिंगी गाडी दोघांच्या पगारातून आली, पण किल्ली नॉर्बच्या खिशात राहिली.

दर रविवारी तो मला शर्यतीला नेई. सरळ, पाव मैलाचा रस्ता. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की सुटतात. एवढे साधे काम त्याला जमत नसे. त्याला माझा आवाज आवडे, मी आवडत नसे. दिवा लागताच तो पाय असा दाबी की चाके जागच्या जागी फिरून धूर होई, आणि समोरचा तोवर निम्म्या वाटेवर पोहोचलेला असे. मग शिव्या मला.

"इंजिनात दम नाही," तो म्हणे.

"इंजिनाला काही झालेलं नाही, नॉर्ब," बर्नी एकदा कुंपणापाशी म्हणाली. "तुझ्या पायाला धीर नाही."

त्याने ऐकले न ऐकलेसे केले.

एका उन्हाळ्यात कारखान्यात त्याचे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये, आणि रविवारचे नाव तर नोंदवलेले. मित्रांसमोर माघार कशी घ्यायची? "चालव तू," तो बर्नीला म्हणाला. "हरलीस तरी बाईमाणूस म्हणून कुणी हसणार नाही."

ती आत बसली. तिने लगेच पाय दाबला नाही. आधी ती ऐकत राहिली. माझी गुरगुर वर चढत एका ठिकाणी भरदार झाली, तेव्हा तिने क्लच सोडला, हळू नाही आणि झटकाही नाही, कणकेचा गोळा परातीत ठेवावा तसा. मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळले की मी कशासाठी घडले आहे. शेजारच्या सॅगिनॉ गावच्या एका निळ्या गाडीला आम्ही एवढे मागे टाकले की तिचा ड्रायव्हर नंतर बर्नीशी हात मिळवायला आला आणि तिच्याकडे न बघताच परत गेला.

नॉर्बचे मित्र त्याच्याभोवती जमले. "प्लास्टर काढू नको रे," एक म्हणाला. "राहू दे तसंच. घराचं भलं होतंय."

नॉर्ब हसला. घरी आल्यावर मात्र त्याने माझे बॉनेट असे आपटले की माझा एक पट्टा निसटला.

प्लास्टर निघाले, पण रविवारी लोक विचारत, "बर्नी नाही आली?" तो एकटा आला की पांगत. एकदा तो मासे धरायला गेला असताना तिने दुसरी किल्ली घेतली, मला नेले, जिंकली आणि पितळी कप घेऊन आली. तो संध्याकाळी परतला तेव्हा कप स्वयंपाकघराच्या टेबलावर होता. थोड्या वेळाने कप अंगणात येऊन पडला, आणि पाठोपाठ तिची कपड्यांची पेटीही आली.

"जिच्या जिवावर जिंकतेस ती गाडी माझी आहे."

"हप्ते माझ्याही पगारातून जातात."

"तुला त्या इंजिनाचाच एवढा पुळका असेल तर त्याच्याशीच लग्न करायचं होतंस."

"ते निदान ऐकतं तरी," बर्नी म्हणाली, आणि पेटी उचलून बहिणीकडे गेली.

प्रकरण घटस्फोटापर्यंत, कोर्टात गेले. न्यायाधीश वयस्कर होते, त्यांना सर्दी झाली होती आणि त्यांना लवकर उरकायचे होते. घर नॉर्बला, गाडी बर्नीला. नॉर्ब मान डोलावून बाहेर आला. त्याच दुपारी त्याने गॅरेजच्या तुळईला साखळीची कप्पी बांधली आणि मला गाडीतून उपसून काढले. माझ्या जागी भंगारातल्या टॅक्सीचे एक दमेकरी इंजिन बसवले.

बर्नी गाडी न्यायला आली. तिने बॉनेट उघडले, आत पाहिले. मी दाराशी लाकडी ओंडक्यांवर पडले होते.

"न्यायाधीश गाडी म्हणाले," नॉर्ब म्हणाला. "गाडी दिली."

मला वाटले, ती त्याला ओरबाडेल. तिने बॉनेट अलगद लावले. माझ्याजवळ येऊन तिने माझ्या कुशीवर तळवा ठेवला.

"आतलं पाणी काढून टाक," ती म्हणाली. "नुसतं पाणी आहे त्यात, न गोठण्याचं औषध नाही. थंडी येतेय."

मग ते टॅक्सीचे इंजिन खोकत खोकत तिला घेऊन गेले.

घर विकून नॉर्ब बापाच्या तळ्याकाठच्या झोपडीवजा घरात राहायला गेला. मला तिथल्या शेडमध्ये टाकले. त्या वर्षी थंडी लवकर आली. एका सकाळी तो पाना घेऊन माझ्याजवळ आला, बसला, बुचावर पाना लावलाही. एक आटा फिरवला असता तर पाणी वाहून गेले असते. तो तसाच बसून राहिला. मग त्याचे ओठ आवळले गेले, त्याने पाना खिशात घातला आणि तो उठून गेला.

पाणी गोठले की फुगते. माझ्या भिंतींना ते आतून रेटू लागले. लोखंड वाकत नाही, मित्रांनो. लोखंड सहन करते, आणखी सहन करते, आणि मग एकदम तडकते. डाव्या कुशीला, बुचाच्या वर, वीतभर चीर गेली. नॉर्बने ती दुसऱ्या दिवशी पाहिली. त्याने एका बोटाने ती वरून खालपर्यंत चाचपली, आणि मला ढकलत ढकलत ती कूस भिंतीकडे वळवली.

पुढची वर्षे मी भिंतीकडे तोंड करून काढली. माझ्या जातीची इंजिने तोवर दुर्मिळ झाली होती. लांबून लांबून लोक येत, टोप्या काढून शेडच्या दाराशी उभे राहत. "फक्त बघू द्या," म्हणत. नॉर्ब दारातूनच हाकलून देई. "विकायचं नाही. बघायचंही नाही." लोकांना वाटे, केवढा जीव आहे याचा इंजिनावर. त्याचा शेजारी एल्मर ट्रॉम्बली हिवाळ्यात शेडमध्ये बिअर प्यायला येई, त्यालासुद्धा तसेच वाटे.

बर्नीची खबर एल्मरच आणी. "तुझी बायको अजून त्याच नारिंगी गाडीतून चर्चला येते. टॅक्सीचंच इंजिन. सिग्नलला पोरं सायकलवरून पुढे जातात आणि हसतात. दुसरं मोठं इंजिन का बसवत नाही, विचारलं तर म्हणते, जागा राखून ठेवलेली आहे."

"माझी बायको नाही ती," नॉर्ब म्हणे. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता.

अखेर कुणीतरी बर्नीला सांगितले की माझ्या अंगावर ठोकलेला क्रमांक आणि तिच्या गाडीचा क्रमांक एकच आहे. ती पुन्हा कोर्टात गेली. या वेळच्या न्यायाधीश बाई होत्या आणि त्यांना सर्दी नव्हती. इंजिन गाडीचे, गाडी बर्नीची, मार्च संपायच्या आत देऊन टाका, असा निकाल झाला.

नॉर्बने खरे सांगून टाकले असते तर काय बिघडले असते? फुटलेले इंजिन कोण नेते? पण ती चीर म्हणजे त्याचीच सही होती. ती बर्नीने पाहू नये म्हणून त्याने एल्मरला बोलावले.

"बोटीला नांगर करायचाय. गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवू. बर्फ वितळला की आपोआप बुडेल."

एल्मरने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "एवढा मोठा नांगर? नॉर्ब, तुझी बोट आहे की लढाऊ जहाज?"

"ओढतोस की दुसरा कुणी बघू?"

एल्मरने ओढले. लोक तळ्यात नांगर असेच टाकतात, त्यात नवल नव्हते. मला साखळी बांधली, साखळीला बोट बांधायचा लाल तरंगता डबा, आणि किनाऱ्यापासून चांगले आत नेऊन बर्फावर ठेवून दोघे परत गेले. हिवाळ्यात बर्फावर बसून मासे धरणाऱ्यांच्या टपऱ्या केव्हाच उचलल्या गेल्या होत्या. ऊन वाढत होते. माझ्याखाली बर्फाचा खळगा होऊन त्यात पाणी साचू लागले.

बर्नी आली ती भर दुपारी. भाड्याचा ट्रक, त्याच्या तोंडाशी ओझी ओढायचा तारेचा रहाट. केस पांढरे झाले होते, चाल तीच होती. शेड रिकामे पाहून ती वळली आणि तिला मी दिसले. तिने तारेचे टोक खांद्यावर घेतले आणि ती बर्फावर उतरली.

नॉर्ब घरातून बाहेर आला. दम्याने तो वाकला होता. "बर्नी, मागे फिर. बर्फ भुसभुशीत झालाय."

"माझी वस्तू घेते आणि फिरते."

"एल्मरसुद्धा आता जात नाही तिकडे."

"एल्मरचं काही नाहीये इथे."

ती चालत राहिली. बर्फ तिच्या पावलांखाली कण्हत होता, ते मला तिच्याही आधी कळत होते. नॉर्ब तळ्याच्या कडेपर्यंत आला. तिथून तो ओरडला.

"बर्नी, ते फुटलंय. तुझ्या कामाचं नाही ते. परत ये."

ती थांबली. "जन्मभर खोटं बोललास. आजही बोल."

"डाव्या अंगाला बघ. बुचाच्या वर. त्याच हिवाळ्यात फुटलं."

ती माझ्यापाशी पोहोचली आणि गुडघ्यांवर बसली. हातमोज्याने तिने गंज आणि ओल पुसली. खिशातून चष्मा काढून लावला. मग मोजा काढून उघड्या बोटाने ती चीर वरून खालपर्यंत चाचपली. मला वाटते, त्या दोघांत माझ्याबद्दल खरे दुःख एवढे एकदाच झाले.

उठताना तिचा पाय आत गेला, मांडीपर्यंत. ती पालथी पडली. तारेचा आकडा अजून तिच्याच हातात होता, माझ्यात अडकवायचा राहिला होता. "धरून ठेव," नॉर्ब म्हणाला. तो धापा टाकत ट्रककडे गेला आणि रहाट सुरू केला. जी तार माझ्यासाठी आली होती, ती बर्नीला बर्फावरून पोटावर ओढत हळूहळू काठाला घेऊन गेली. मी तिथेच राहिले.

गोठलेल्या तळ्यावर आवाज दूरवर जातो. मला सगळे ऐकू आले.

"बुचं उघडायला किती वेळ लागला असता?" बर्नीने विचारले.

"काहीच नाही."

"मग?"

नॉर्ब बराच वेळ खोकला. "तू सांगितलंस म्हणून नाही उघडली."

बर्नीने बूट काढून त्यातले पाणी ओतले. "मला वाटायचं, मला नाही तर नाही, त्याला तरी जपत असशील. त्या एका गोष्टीसाठी मी तुला थोडं कमी वाईट समजत होते."

जीव वाचवल्याबद्दल तिने आभार मानले नाहीत. त्यानेही ते मागितले नाहीत. तिने तार गुंडाळली आणि ट्रक निघून गेला.

काही दिवसांनी, एका शांत सकाळी, माझ्याखालचा बर्फ सुटला. कुणी पाहत नव्हते. मी खाली गेले आणि चिखलात रुतले. आता माझ्या नळ्यांत पर्च मासे राहतात. ते मला काही विचारत नाहीत, म्हणून मी त्यांना सहन करते. नॉर्ब त्या वर्षी काठावर खुर्ची टाकून बसे आणि लाल डब्याकडे बघे. बोट त्याने बांधली नाही. पुढच्या वर्षी खुर्ची दिसली नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तूंनी तुम्हाला हात जोडायचे असतात, की आम्हाला जपा. मी जोडणार नाही. तुम्ही भांडाल, मला माहीत आहे. भांडा, पण समोरासमोर भांडा. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर सूड काढू नका. बर्नीला मी हवे होते. नॉर्बला मी नको होते, तिला मिळायलाही नको होते. या दोहोंतला फरक तुम्हाला कळला तर ठीक. नसेल कळला, तर निदान त्या लाल डब्याला तुमची बोट बांधू नका.