बासष्ट टक्के

हिंगोली नाक्याच्या पुढे, टिनाच्या शेडमध्ये धम्मरत्नचं गॅरेज होतं. आयटीआय करून तो पुण्याला गेला, आणि तिथे नऊ वर्षं त्यानं फक्त ताकदीच्या गाड्यांवर काम केलं. ज्या गाड्यांचं इंजिन उघडायला बाकीचे मिस्त्री कचरतात, त्या गाड्या. मग बाप अंथरुणाला खिळला म्हणून तो वाशीमला परतला आणि बाप गेल्यावरही इथेच राहिला. इथे काम मिळायचं ते टॅक्सीचं, पिकअपचं, डॉक्टर-मास्तरांच्या छोट्या गाड्यांचं. ते तो इमानानं करायचा. पण एखादी टर्बोवाली गाडी शिटी मारत नाक्यावरून गेली, की हातातला पाना तसाच धरून दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा. त्याची बायको पिंकी म्हणायची, "एवढं तर माह्याकडे बी पाहत नाई तुमी."

ऑक्टोबरात पवनची निळी गाडी आली. पवन म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावकडच्या मारोतरावांचा एकुलता मुलगा. मारोतराव मोठे बागायतदार, चार गावांत शब्द चालणारे. गाडी हैदराबादहून जुनी घेतलेली, पेट्रोलची, टर्बोची. वरून पवननं पुण्यात तिच्या इंजिनचा संगणक बदलून घेतला होता, त्यामुळे कंपनीनं दिली तिच्या दीडपट ताकद तिच्यात आली होती.

"हळू चालवा, राजावानी चालते," पवन म्हणाला. "पन शंभराच्या वर गेलो अन् पाय पुरा दाबला, की मांगून कोनी दोर बांधल्यावानी होते. झटके खाते. तीन गॅरेज झाले, धम्माभाऊ. प्लग बदलले, कॉइल बदलल्या. काईच फरक नाई."

धम्मरत्ननं बोनेट उघडलं नाही. आधी तो ऐकून घ्यायचा.

"टर्बो हवा कोंबते," तो म्हणाला. "जेवढी हवा, तेवढं पेट्रोल पायजे. हवा आली अन् पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन उपाशी मरते. तुह्या गाडीत मले पेट्रोलच कमी पडल्यासारखं वाटून राह्यलं."

अशा गाडीत पेट्रोल ढकलणारे पंप दोन. एक मागच्या सीटखाली, टाकीत. तो पेट्रोल पुढे पाठवतो. दुसरा इंजिनवर. तो त्याच पेट्रोलचा दाब कितीतरी पटीनं वाढवून आत फवारायला देतो. दम कोणाचा सुटतो ते शोधायचं होतं. गाडी जागेवर चालू ठेवून त्यानं स्कॅनर लावला, तर सगळे आकडे ठीक. बसल्या माणसाला धाप लागत नाही, चढावर लागते, तसं ते होतं.

पुढे दोन वाटा होत्या. मागची सीट काढायची, टाकीतला पंप चालू करून अर्ध्या मिनिटात किती पेट्रोल येतं ते डब्यात मोजायचं, आणि पंपापर्यंत वीज पुरी पोहोचते का ते बघायचं. दोन तासांचं काम, गाडी जागची हलवायची गरज नाही. पुण्यातल्या त्याच्या उस्तादानं हेच आधी करायला शिकवलं होतं. दुसरी वाट म्हणजे रस्ता. गाडी पळवायची, पाय पूर्ण दाबायचा, आणि स्कॅनरवर दाब कुठे पडतो ते बघायचं.

"मले उद्या दुपारी अकोल्याले जायचं हाय," पवन म्हणाला. "रोडवरच पाहू ना."

धम्मरत्न हो म्हणाला. पवनला घाई होती हे खरं. पण वाशीमला परतल्यापासूनच्या सात वर्षांत अशा गाडीत बसायला मिळालं नव्हतं, हेही खरं होतं. हे दुसरं त्यानं तेव्हा कबूल केलं नाही, स्वतःजवळसुद्धा.

किन्हीराजाच्या अलीकडे आत वळणारा एक नवा सिमेंटचा रस्ता पवनला माहीत होता. दोन किलोमीटर सरळ, वाहन क्वचित. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते तिथे पोहोचले, तेव्हा रस्ता अगदी मोकळा होता. कडेला ताडपत्र्यांखाली झाकलेले सोयाबीनचे ढीग तेवढे होते. गाव मोठ्या रस्त्यावर कशाला वाळवेल? या रस्त्यावर कोणी येत नाही म्हणूनच तिथे वाळवत होते.

पहिल्या फेरीत पवननं पाय दाबला आणि गाडीनं दोघांना सीटमध्ये ढकललं. धम्मरत्नच्या छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं. मग झटके सुरू झाले. इंजिनवरच्या पंपाचा दाब गाडीनं मागितला होता दोनशे, मिळाला एकशेवीस. पण तेवढ्यानं निकाल लागत नव्हता. मागचा पंपच पुढे पेट्रोल देत नसेल, तर पुढचा बिचारा काय करणार? मागच्या पंपाच्या नळीवर वेगळा सेन्सर बसवून लॅपटॉपला जोडणं भाग होतं. एका बाभळीखाली त्यानं बोनेट उघडलं. जोड गळायला लागला, तो पुन्हा काढावा लागला. हे करता करता साडेआठ वाजले, ऊन चढलं. रस्त्याकडे त्याची पाठ होती.

"आता मी सांगेपर्यंत पाय काढू नको," लॅपटॉप मांडीवर घेत तो म्हणाला. "मधात सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून करा लागते."

गाडी निघाली. धम्मरत्नची नजर पडद्यावर होती. वेग, पायाचा दाब टक्क्यांत, मागच्या पंपाच्या दाबाचा आकडा. शंभर टक्के पाय. पंप साडेपाच. वेग एकशेवीस. पंप चार. एकशेतीस. पंप तीन. अगदी हवं होतं तेच समोर उतरत होतं, आणि त्याच वेळी पायाचा आकडा शंभरावरून बासष्टवर आला. पवन काहीतरी बोलला. काय, ते धम्मरत्नला ऐकू आलं नाही.

"सोडू नको!" तो ओरडला. "दाब, दाब!"

आकडा पुन्हा शंभर झाला. पंप दोनवर आला.

"सापडलं," धम्मरत्न म्हणाला आणि मान वर केली.

समोरची काच तडकून पांढरी झाली होती. गाडी सोयाबीनच्या थरावरून घसरत तिरकी होऊन उभी राहिली. पेट्रोलचा वास, धुळीचा वास. खूप मागे रस्त्यावर एक माणूस पडला होता आणि त्याच्याजवळ एक लाकडी फावडं. धम्मरत्न धावत पोहोचला तेव्हा त्या माणसाचा श्वास चालू होता. त्यानं त्याचं डोकं हातात घेतलं. डोक्याला मागून हात लागला तेव्हा त्याला कळलं की आता दवाखान्याचा उपयोग नाही. तरी गावकऱ्यांनी पिकअप आणली, तरी ते मालेगावला गेले. माणसाचं नाव देवमन. वय साठीच्या आसपास. ताडपत्री काढून तो फावड्यानं सोयाबीन पसरत होता.

पवनवर त्याच दिवशी गुन्हा दाखल झाला. धम्मरत्नला पोलिसांनी साक्षीदार म्हणून विचारलं. गाडीत बिघाड शोधायला बसलो होतो, नजर लॅपटॉपवर होती, एवढं त्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं. लॅपटॉपमध्ये काय आहे हे कोणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मारोतराव स्वतः गॅरेजवर आले. एवढा मोठा माणूस, पण त्या चार दिवसांत त्यांचा सदरा अंगावर ढिला झाला होता. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"धम्मा, एक इचारतो. पेट्रोल बंद झालं म्हनून गाडी आवरली नाई, असं होऊ शकते ना?"

"नाई, काका. पेट्रोल कमी पडलं तर गाडी मंदावते. ब्रेक असते, स्टेअरिंग असते. कोनाच्या अंगावर जात नाई ती."

"हे तुले समजते. बाकी कोनाले समजते?" मारोतराव जवळ आले. "मशीनचा दोष होता म्हन. ना पवन गुन्हेगार, ना तू."

धम्मरत्न हातातला पाना फडक्यानं पुसू लागला.

"पवननं मले समदं सांगलं," मारोतराव हळूच म्हणाले. "त्यानं पाय काढला होता. तू म्हनला दाब. कायले म्हनला रे? त्या लॅपटॉपच्या डब्यातलं पुसून टाक, बाबा. तुलेबी लेकरू हाय."

ते गेले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, आणि त्यामुळेच ते बोलणं धम्मरत्नच्या मनातून हटेना. रात्री त्यानं पिंकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या हातानं तर नाई ना झालं? गाडी तो चालवत होता. गप बसा." धम्मरत्न गप्पच बसणार होता. पुसलं मात्र नाही. उद्या पुसू, परवा पुसू करत आठवडा गेला.

मग पोलीस ठाण्यातून फोन आला. जप्त केलेल्या गाडीतून पेट्रोलचा वास येत होता, आवारात आग लागण्याची भीती होती, आणि त्या गाडीची टाकी कुठून रिकामी करायची ते तिथल्या कोणाला समजत नव्हतं. तो गेला. मागची सीट उचलली. दोन खटके, बस्स. खाली पंपाचं गोल झाकण, आणि त्यावर तारांचा जोड. जोड काळा पडला होता. प्लास्टिक वितळून एका बाजूला ओघळलं होतं, आणि आतली पितळी पिन कोळशासारखी झाली होती. वीज तिथेच अडत होती. गाडी जेवढी जास्त मागायची, तेवढा तो जोड तापायचा आणि तेवढी वीज कमी पडायची. पंप चांगला होता. पुढचाही चांगला होता. ना रस्त्याची गरज होती, ना लॅपटॉपची. सीट उचलून नुसतं पाहिलं असतं, तरी दिसलं असतं.

उघड्या दारातून पाय बाहेर टाकून तो किती वेळ बसला त्याला कळलं नाही. एक शिपाई येऊन विचारून गेला, "पाणी पायजे का?" धम्मरत्ननं टाकी रिकामी केली, हात धुतले, आणि घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आला.

फौजदार तरुण होता. धम्मरत्ननं त्याला पडद्यावरची रेघ दाखवली. इथं वेग. इथं पाय. इथं पाय बासष्टवर आला. एक सेकंदही नाही. मग पुन्हा शंभर.

"पुन्हा का दाबला?"

"मी दाब म्हनलो म्हनून."

फौजदारानं पेन थांबवलं. "हे असंच लिहू?"

"लिहा."

पवनच्या जोडीला त्याचंही नाव गुन्ह्यात आलं, दोघांनाही जामीन मिळाला. मारोतरावांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. पिंकी आठ दिवस माहेरी जाऊन राहिली आणि परत आली, पण त्या विषयावर तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. गिऱ्हाईकं येत राहिली. ताकदीच्या गाडीवाला मात्र पुन्हा कोणी आला नाही, आणि ते बरंच झालं, कारण टर्बोची शिटी ऐकली की तो आता पाना ठेवून शेडच्या आत जायचा.

देवमनच्या तेरवीनंतर पंधरा दिवसांनी तो त्याच्या घरी गेला. देवमनची बायको ललिताबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. त्यानं नाव सांगितलं. तिला ते माहीत होतं.

"बसा," ती म्हणाली. तो खाली बसला. माफी मागायचे शब्द त्यानं वाटेत जुळवले होते. ते तिनं अर्ध्यातच तोडले.

"मले एकच सांगा. त्यायनं गाडी पाह्यली होती का? का पाठमोरे होते?"

त्या सकाळचा सेकंदासेकंदाचा हिशेब धम्मरत्नकडे होता. देवमनचा चेहरा नव्हता.

"मी नाई पाह्यलं, माय. माही नजर खाली होती."

"मंग ज्यानं पाह्यलं त्याले आना," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

पवनला आणणं सोपं गेलं नाही. दोनदा मारोतरावांनी फाटकातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा पवन स्वतःच बाहेर आला, अनवाणी, दाढी वाढलेली, आणि धम्मरत्नच्या मोटारसायकलवर मागे बसला.

ललिताबाईनं त्यालाही तेच विचारलं.

"पाह्यली होती," पवन जमिनीकडे बघत म्हणाला. "ते इकडेच तोंड करून होते. त्यायनं हात वर केला. असा." त्यानं तळहात उंचावला. "मले वाटलं बाजूले होतील. मी पाय काढला..."

धम्मरत्नही खाली बघत होता. पवन गाडीत त्या क्षणी काय बोलला असेल, ते त्याला आज समजलं.

ललिताबाईनं पदर तोंडाला लावला. "ते समद्यायले असाच हात करत," ती म्हणाली. "ट्रॅक्टर असो, फटफटी असो. हळू जा, दाने उडतात म्हनून. अन् लोक हळू जात."

ती रडली नाही. सोललेल्या दाण्यांचं सूप उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "जा आता तुमी."

परतताना मालेगाव फाट्यावर पवन उतरला. काहीतरी बोलायचं म्हणून तो घुटमळला, मग म्हणाला, "कोर्टाची तारीख कधीची हाय?"

"सतरा."

"मले घ्याले येजा," पवन म्हणाला आणि धुळीतून घराकडे चालू लागला.