अब्बांचा घास

मुश्ताक दोह्याहून कायमचा पनवेलला परत आला, आणि त्याची स्वतःची लेक त्याला जवळ येऊ देईना. आता याला काय म्हणावं? पगार निम्म्यावर आणून न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात त्याने नोकरी ठरवली होती, ती या अडीच वर्षांच्या यूम्नासाठी. आणि बाईसाहेबांना त्याचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं.

दार उघडलं ते त्याच्या बायकोने, दिलशादने. तिची ओढणी धरून मागे यूम्ना उभी होती. मुश्ताकने दोन्ही हात पसरले. यूम्नाने त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि असं भोकाड पसरलं, की शेजारची मालू हातातली विळी टाकून धावत आली. पोरगी उडी मारून तिच्या कडेवर गेली. बापाला सोडून मालूच्या.

चूक मुश्ताकचीही होतीच. यूम्नाच्या ओळखीचे अब्बा फोनमध्ये राहायचे. त्यांना दाढी होती आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. रोज तिच्या जेवणाच्या वेळी दिलशाद फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची. यूम्ना खिचडीचा घास काचेला लावायची, तिकडे मुश्ताक आ करून “हम्म” म्हणत चावायचा. मग ती फ्रॉकने काच पुसायची आणि पुढचा घास द्यायची. आता हा गडी विमानात बसला तो गुळगुळीत दाढी करून, अत्तरात न्हाऊन. गल्फहून येणाऱ्याने मोहल्ल्यात असंच उतरायचं असतं ना. मोहल्ल्याने कौतुक केलं, पण पोरीला भलताच माणूस दिसला.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर बॅगा उघडल्या. नातेवाईक गोल करून बसले होते. साबण, टॉर्च, बदाम, सेंट, ज्याचं त्याला मिळालं. यूम्नासाठी बोलणारी बाहुली निघाली. तिने ती निमूट घेतली, अम्मीच्या मांडीत जाऊन बसली आणि बाहुलीचं तोंडही दुसरीकडे फिरवून ठेवलं.

मग मुश्ताकने तिची पाठच धरली. चॉकलेट झालं, घोडा-घोडा झालं, “ये ना बेटा” म्हणून म्हणून घसा बसला. तो जितका पुढे सरके तितकी ती मागे. मालू दारात उभी राहून मजा बघायची.

“आरं दादा, मी तिला रोज कडेवर घेते, तू परवा आलास,” ती म्हणाली. “जरा दम धर. पोर हाय ती, पार्सल नाय.”

मुश्ताक असला चिडला. मालूवर चिडला, पोरीवर चिडला, पण तिला सोडून परदेशात राहिलेल्या स्वतःवर सगळ्यात जास्त. त्याला भीती वाटायला लागली होती, की ही आपली कधी होणारच नाही.

आणि मग त्याला एक भारी युक्ती सुचली. आतल्या खोलीत जाऊन त्याने दिलशादला व्हिडिओ कॉल लावला. एव्हाना दाढीचे खुंटही परत आले होते. बाहेर यूम्नाने फोन बघितला मात्र, “अब्बा, अब्बा” करत नाचायलाच लागली. भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकून मुश्ताकला राहवेना. आपला फोन हातात घेऊन तो तसाच बाहेर आला. यूम्नाने फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग परत फोनकडे. आणि अम्मीचा फोन छातीशी घट्ट धरून ती अम्मीच्या मागे लपली.

“माझे अब्बा आहेत,” ती म्हणाली. “तुला देणार नाही.”

दिलशाद हसता हसता खालीच बसली. मुश्ताकही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

“रडता काय, यूम्नाचे अब्बा?” दिलशाद जवळ येऊन म्हणाली. “विसरली असती तर भांडली असती का? तुमच्यासाठी तुमच्याशीच भांडली ती. मी रोज समोर असते, म्हणून तिला माझा भरवसा आहे. मी दिसले की ती खुशाल खेळते. तुमचाही भरवसा येईल. फक्त तिच्या मागे लागू नका. नुसते तिथे असा.”

नुसतं असणं मुश्ताकला भलतंच जड गेलं. क्रेन चालवणं त्याला सोपं होतं. पण तो जमिनीवर बसून लसूण सोलायला लागला. यूम्ना बघायची तेव्हाच बघायचा. तिचा चेंडू घरंगळत आला तर परत घरंगळत पाठवायचा, वर एक शब्द नाही. चेंडू परत येतो हे कळल्यावर ती मुद्दाम पाठवायला लागली. तरी हाताच्या अंतरावर मात्र येईना.

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले. फोन सवयीने डब्याला टेकवलेला, पण बंद होता. यूम्नाने घास काचेला लावला. फोन गप्प. तिने वाट बघितली, अम्मीकडे बघितलं. अम्मी नुसती हसली. आणि इकडे मुश्ताकने, घास पुढे झालेला बघून, रोजच्या सवयीने आपसूक आ केला होता. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

यूम्ना त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली, लांबूनच हात ताणला आणि घास त्याच्या तोंडात घातला. अर्धा आत गेला, अर्धा हनुवटीवर राहिला.

“हम्म,” मुश्ताक म्हणाला.

ती खुदकन हसली. धावत जाऊन अम्मीच्या गुडघ्याला हात लावून आली आणि दुसरा घास घेऊन हजर झाली. “हम्म.” पुन्हा अम्मीचा गुडघा, पुन्हा घास. गुडघ्याला हात लावायचं ती हळूहळू विसरूनच गेली. मुश्ताक चावत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

यूम्नाला ते दिसलं. तिने फ्रॉकचा घोळ उचलला आणि काच पुसायची तसा त्याचा गाल पुसायला घेतला. पुसता पुसता थबकली. बोटाने गाल दाबून बघितला, परत दाबला. मग त्याच्या मांडीत मागे सरकून आरामात बसली आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाली,

“अम्मी, अब्बा टोचतात.”