काटा हलेना

पर्पेच्युआला फोटो हवा होता तो नवऱ्याच्याच हातचा. मरोळच्या गावठाणातली निम्म्या लग्नांचे फोटो ऑगस्टीनने काढले, पण बायकोला कधी धडपणे समोर बसवलं नाही. आज काढू, उद्या काढू करत जन्म गेला. आता खाटेला खिळल्यावर ती म्हणाली, "माझ्या कबरीवरच्या क्रूसावर मोबाइलचा फोटो नको हां. तुझ्या कॅमेऱ्यातला लाव. तेवढं तरी कर." तेवढं तरी! म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं ते.

गेल्या आठवड्यात त्याने काढलाही. तिला लुगडं नेसवलं, उशांना टेकवून बसवलं, अख्खा रोल संपवला. धुऊन आला तो जवळजवळ कोरा. त्याच्या कॅमेऱ्याला लागणारा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. बाजारातला त्याच मापाचा घातला, तर तो जोर जास्त देतो आणि कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर अंधारालाही उजेड म्हणतं. एरवी ऑगस्टीनने मीटरला फाट्यावर मारून अंदाजाने फोटो काढला असता. पण मोतीबिंदूने त्याच्या अंदाजाची पार वाट लावली होती.

आज दुपारपासून पर्पेच्युआचा श्वास घरघरायला लागला. मुलगी बेव्हर्ली फादरना आणायला निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "पप्पा, मोबाइलवर काढून ठेवा ना! कसला हट्ट हा?"

"तिचा हट्ट आहे, माझा नाही. तू जा!" तो खेकसला.

खिडकीतला उजेड उतरत होता. घरात उरलेला एकच रोल त्याने कॅमेऱ्यात भरला. तेवढ्यात त्याला नंदकुमारचं बोलणं आठवलं. कॅमेरे दुरुस्त करणारा हा नंदकुमार फोनवर म्हणाला होता, "अंकल, कानाच्या मशीनचा सेल घालून बघा. जोर जुन्याइतकाच देतो." कानाच्या सेलचं पाकीट रिकामं होतं. मग ऑगस्टीनने कानातलं मशीनच काढलं आणि त्यातला सेल नखाने उपसला. पंखा, रस्त्यावरच्या रिक्षा, बायकोची घरघर, सगळं एकदम बंद झालं.

सेल खाचेत हलत होता, म्हणून त्याने तो चिकटपट्टीत गच्च गुंडाळला, फक्त खालचं टोक उघडं ठेवलं. वर कागदाची घडी ठेवून झाकण लावलं, डोळा भिंगाला लावला. मीटरचा काटा ढिम्म. झाकण उघडलं, आतला हिरवा गंज व्हिनेगरच्या बोळ्याने घासला, परत लावलं. काटा हलेना. "अरे हल की रे मेल्या! काय जीव घेतोस का माझा?" त्याने कॅमेऱ्यावर थाप मारली. पर्पेच्युआ त्याच्याकडेच बघत होती, आणि ते बघणं त्याला सोसवेना. साधा एक फोटो, तोही या बाईला देता येत नाही म्हणजे काय! त्याला रडूच फुटलं.

मग एकदम आठवलं. कानाचं मशीन विकणारी पोरगी प्रत्येक वेळी बजावायची, अंकल, वरचा स्टिकर काढा, या सेलला हवा लागते. आणि या शहाण्याने सेलची भोकंच चिकटपट्टीने बुजवली होती! त्याने पट्टी ओरबाडली, नुसती कडेला गुंडाळली, कागद फेकून दिला. थोडा वेळ सेल तळहातावर धरून बसला आणि मग आत घातला.

काटा थरथरला. वर चढला आणि थांबला.

"आला गं, पेपे! आला!" तो लहान पोरासारखा ओरडला. तिच्या कपाळावरचे केस सारले, खाली बसला, चेहरा चौकटीत नीट धरला. भिंगातून दिसलं, तिचे ओठ हलतायत. हीच सवय तिची, ऐन वेळेला बडबड. फोटो हलला तर परत कुठला रोल? गावातल्या लग्नांत नवरा-नवरीवर ओरडायचा तसाच तो ओरडला, "गप्प बस जरा! हलू नकोस!"

ओठ मिटले. त्याने खटका दाबला. मग उजेड होता तोवर दाबतच राहिला.

झाकण उघडून सेल परत मशीनमध्ये घालायला त्याला बराच वेळ लागला. मशीन कानात बसलं तेव्हा आधी पंखा ऐकू आला, मग रिक्षा. घरघर ऐकू आली नाही.

"पेपे?" तो वाकला. "आता बोल ना. काय म्हणत होतीस?"

बेव्हर्ली फादरना घेऊन आली तेव्हा तो पर्पेच्युआच्या तोंडाशी कान लावून बसला होता. बेव्हर्ली खाटेपाशी कोसळली. रडता रडता तिने विचारलं, "मम्मा काही बोलली का, पप्पा?"

"बोलली."

"काय बोलली?"

"मी तिला गप्प बस म्हटलं गं," ऑगस्टीन म्हणाला.