दैवशालाबाई बेटावर उतरल्या

मोनिकाच्या लग्नाच्या सामानात साड्यांच्या घड्यांखाली एक गेमचा कन्सोल होता. तो मूळचा तिच्या भावाचा, प्रेमचा. तुळजापुरात त्यांच्या वडिलांचं लॉज होतं आणि यात्रेची गर्दी ओसरली की मागच्या खोलीत ही दोघं दुपारभर खेळत बसत. प्रेमला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, "तूच ने. मला आता कुठला वेळ मिळतोय." तिनं नेला खरा, पण ढोकीला नांदायला आल्यावर सहा महिने तो कपाटातच राहिला. नव्या सुनेनं टीव्हीपुढं बसून बंदुका चालवायच्या, हे तिला स्वतःलाच बरं वाटेना.

नवरा कृष्णराज साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता. उसाचा हंगाम सुरू झाला आणि त्याच्या पाळ्या लागल्या. सासरे बब्रुवानअण्णा त्याच कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टँडवरच्या हॉटेलात पेपर वाचायला जात, ते चार वाजताच परतत. घरात उरायच्या दोघी. सासूबाई दैवशाला टोचून बोलणाऱ्या नव्हत्या. मुळात त्या बोलतच नव्हत्या. ज्वारी निवडायच्या, शेंगा फोडायच्या, आणि मोनिकानं काही विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाय", एवढ्यावर भागवायच्या. मोनिकाला कधीकधी वाटायचं, आपण ओरडून बघावं, तरी ह्या मान वर करतील की नाही कोण जाणे.

डिसेंबरातल्या एका दुपारी तिनं कन्सोल टीव्हीला जोडला आणि आवाज बंद ठेवून खेळायला बसली.

गेम असा होता: एका खलाशाचं जहाज फुटतं आणि तो एका बेटावर येऊन पडतो. नारळीची झाडं, दाट रान, ओढे, मध्ये डोंगर, आणि सगळ्या बेटावर बंदूकवाल्यांची टोळी. त्यांच्या तावडीतून वाचत दुसऱ्या टोकाच्या दीपगृहापर्यंत जायचं आणि दिवा पेटवायचा, म्हणजे सुटका. सगळं खलाशाच्या डोळ्यांनी दिसतं. पडद्यावर खाली आपलेच दोन हात आणि हातातली बंदूक.

मोनिका चांगली खेळायची. पण एका ओढ्यापाशी ती अडकली. ओढ्याच्या पलीकडं टोळीची चौकी, आणि चौकीवर चार कुत्री. ती झाडाआडून कितीही हळू गेली तरी कुत्री धावून यायची, मागून माणसं यायची आणि खेळ संपायचा. आठ-दहा दिवस ती तिथंच मरत होती.

"कुणाला मारायलीस गं?"

मोनिका दचकली. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात सूप.

"गेम आहे, आत्या. बंद करते."

"करू नगं. बघू दे मला."

त्या उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसल्या. मोनिकानं खेळ पुन्हा सुरू केला. ती पुन्हा ओढ्याकडं निघाली आणि पुन्हा कुत्र्यांनी गाठली.

"त्या कुत्र्याला तू दिसलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, मी तर झाडाआड होते."

"मग वास लागायलाय. गवत बघ की कुठं लवायलंय. तुझ्याकडनं त्यांच्याकडं. वारं तुझ्या पाठीला हाय. आसं जाऊन कसं चालंल? लांडगा बी मेंढरावर येतो तर खालच्या वाऱ्यानं येतो."

मोनिकानं पडद्याकडं नीट पाहिलं. गवत खरंच एका अंगाला लवत होतं. इतक्या दिवसांत तिनं त्या गवताकडं बघितलंच नव्हतं.

"मग कुठून जाऊ?"

"त्या टेकाडाला वळसा घाल. माथ्यावर चढू नगं, माथ्यावरचा माणूस कोसावरनं दिसतो. कमरंकमरंनं जा."

मोनिका वळसा घालून निघाली. आता गवत तिच्याकडं लवत होतं. अर्ध्या वाटेत सासूबाई एकदम म्हणाल्या, "थांब. ती पाखरं बघ उठली. तिथं कुणीतरी हाय." मोनिका थांबली. खरंच झुडपातून दोन माणसं बाहेर आली आणि पुढं निघून गेली. मग ती सावकाश ओढ्यात उतरली, पाण्यातून चालत चौकीच्या मागं निघाली. कुत्री जागची हलली नाहीत. एकही गोळी झाडावी लागली नाही.

मोनिका हसायला लागली. तिनं मागं पाहिलं, तर सासूबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आत्या, तुम्हाला हे सगळं कसं कळतं?"

"मेंढरामागं वाढल्याली हाय म्या," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरल्यावर त्यांनीच विचारलं, "लावती का तुझं ते बेट?"

मग रोजची दुपार ठरून गेली. मोनिका खेळायची आणि सासूबाई सांगायच्या. त्यांनी कधी समुद्र बघितला नव्हता. पहिल्यांदा किनारा आला तेव्हा त्या सूप बाजूला ठेवून पडद्याजवळ सरकल्या. "आणि ह्याच्या पल्याड काय?" त्यांनी विचारलं. "काही नाही, पाणीच," मोनिका म्हणाली. "मग कुणी एवढ्या लांब कशापायी आलं आसंल," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी शेंगा फोडायला घेतल्या.

आठवड्याभरानं मोनिकानं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. आधी खलाशी नुसता आभाळाकडं बघत राहिला, मग जमिनीकडं. "मान मोडली काय ह्याची?" सासूबाई म्हणाल्या. पण एका अंगठ्यानं चालायचं आणि दुसऱ्यानं बघायचं, हे त्यांना चार दिवसांत जमलं. जमल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती बंदुकीची.

"ही खाली ठिवता येत न्हाय का? समोरचं काय दिसंना."

मोनिकानं बटण शोधून काढलं. बंदूक गेली, पडदा मोकळा झाला, आणि दैवशालाबाई बेटावर चालायला लागल्या. दीपगृहाकडं जायची त्यांना घाई नव्हती. बेटावर रानशेळ्या होत्या. खेळणारे त्यांची शिकार करतात. मटण मिळतं, ताकद वाढते. दैवशालाबाई त्यांच्यामागं लांब अंतर ठेवून चालायच्या. शेळ्या कुठं पाणी पितात, ऊन चढल्यावर कुठल्या झाडाखाली बसतात, हे त्यांनी दोन दुपारी बघून ठेवलं.

"कुणाची हायत ही शेरडं?"

"कुणाचीच नाहीत, आत्या."

"आसं कसं? कुणीतरी सोडून गेलं आसंल." आणि मग, पडद्यावरची नजर न काढता, त्या बोलायला लागल्या. सोळा वर्षांच्या होईपर्यंत त्या बापाच्या मेंढरांमागं हिंडल्या होत्या. वाशीच्या डोंगरातून निघायचं, मांजरा नदीच्या काठाकाठानं जायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरायचं. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या बांधलेल्या. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची. मग नोकरीवाल्याचं स्थळ आलं. सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं.

"आणि मग?"

"मग काय. तुझे सासरे पहिल्याच महिन्यात म्हणाले, आता मेंढरामागं जायचं न्हाय, आपण नोकरदार माणसं. रागानं न्हाय म्हणाले. लाडानंच म्हणाले." त्यांनी खलाशाला एका शेळीमागं वळवलं. "चौतीस वर्षं झाली. माहेराला जाते, पर गाडीनं जाते आणि गाडीनं येते. एकलीनं पाय मोकळं सोडून चालल्याली आठवतच न्हाय बघ."

त्याच दुपारी अण्णा लवकर घरी आले. हॉटेलात पेपर आला नव्हता. दार उघडंच होतं. त्यांनी पाहिलं, तर बायको चष्मा लावून, मांडी घालून टीव्हीपुढं बसलेली, हातात कसलंतरी काळं यंत्र, आणि पडद्यावर डोंगरातून शेळ्या उतरताहेत. मोनिका उठून उभी राहिली आणि पदर सारखा करू लागली. 

"काय चाललंय हे?" अण्णांनी विचारलं.

"हिंडायलेय," दैवशालाबाई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत.

"ह्या वयात पोराबाळांचे खेळ! कुणी बघितलं तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

अण्णांनी दार लोटून घेतलं. ते खुर्चीत बसले. दैवशालाबाईंनी कंट्रोलर खाली ठेवला, चष्मा काढून पदरानं पुसला.

"आवं, एक बोलू का? माझ्या भावाची, धनाजीची मेंढरं वाशीच्या वरल्या माळाला हायत. मला आठ दिस त्याच्यामागं जायाचंय."

"त्याच्या घरी जा की. मी कधी नको म्हटलं?"

"घरी न्हाय. मेंढरामागं."

अण्णांनी तिच्या पायांकडं पाहिलं. "गुडघे दुखतात तुझे," ते म्हणाले.

"दुखू द्या."

"एकटी?"

"मी जाते सोबत," मोनिका मध्येच बोलली आणि बोलून झाल्यावर घाबरली. पण अण्णा रागावले नाहीत. ते उठून आत गेले, माठातलं पाणी प्यायले आणि तिथूनच म्हणाले, "स्वेटर न्या. माळावर थंडी असते."

तिसऱ्या दिवशी सासूसुना येरमाळ्याला एसटी बदलून वाशीला उतरल्या. धनाजीमामा मोटारसायकल घेऊन आला होता. तो दैवशालाबाईंचा धाकटा भाऊ, डोक्याला मुंडासं, खिशात मोबाइल. "आक्का, खरंच आलीस?" एवढंच तो तीनदा म्हणाला.

माळावर दीडेकशे मेंढरं होती आणि दहाबारा शेळ्या. पहिल्या दिवशी मोनिकाच्या पायाला फोड आले. सासूबाईंची चाल मात्र तासाभरात बदलली. घरात त्या पाय ओढत चालायच्या; इथं काठी खांद्यावर आडवी टाकून चालल्या. गुडघ्यांचं नावही त्यांनी काढलं नाही, निदान मोनिकासमोर तरी.

माळ मात्र त्यांच्या ओळखीचा राहिला नव्हता. डोंगराच्या कडेकडेनं पवनचक्क्या उभ्या होत्या आणि त्यांच्यासाठी काढलेले मुरमाचे रस्ते जुन्या वाटा कापून गेले होते. "इथं एक बाभळ होती," त्या म्हणायच्या आणि बाभळीच्या जागी तारेचं कुंपण असायचं. दोनदा त्या चुकल्या. दुसऱ्यांदा चुकल्यावर एका दगडावर बसून राहिल्या. मोनिकानं पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी तशीच मांडीवर धरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी पाण्यावर जाताना कळप एकाएकी थांबला. पुढं रस्त्यावर पवनचक्कीच्या पात्यांची सावली पडली होती. लांबच लांब काळी सावली जमिनीवरून सरसर फिरायची, जायची, दुसरी यायची. मेंढरं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. धनाजीमामानं शिट्ट्या घातल्या, काठी आपटली. एकही पाऊल पुढं पडेना.

"रोजचंच हाय, आक्का," तो म्हणाला. "ऊन कलंपर्यंत बसावं लागतं, न्हायतर खालनं दोन कोसाचा वळसा."

"पाणी तर हे समोर दिसायलंय."

"दिसून काय करायचं?"

दैवशालाबाईंनी कळपावरून नजर फिरवली. एक मेंढी होती, चार दिवसांपूर्वी व्यालेली, कोकरू तिच्या पायात घुटमळत होतं. मेंढीचं नाव मामानं ठेवलं होतं राणी. दैवशालाबाईंनी ते काळं कोकरू उचललं, छातीशी धरलं आणि सरळ त्या सावलीत चालत गेल्या. पातं त्यांच्या डोक्यावरून फिरलं, अंगावरून काळोख सरकला, पुन्हा ऊन आलं. त्या थांबल्या नाहीत. कोकरू ओरडलं. मागं राणी ओरडली, दोन पावलं पुढं आली, मागं सरली, आणि मग धावतच निघाली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. बघता बघता सगळा कळप सावलीतून धुरळा उडवत पलीकडं गेला आणि मोनिका शेवटच्या शेळ्यांबरोबर पळत सुटली.

पलीकडं दैवशालाबाईंनी कोकरू खाली सोडलं. ते आईला लुचायला लागलं. त्यांना धाप लागली होती.

"बाप आसंच करायचा," त्या म्हणाल्या. "ओढ्याला पूर आला की."

"आक्का, मला कसं सुचलं न्हाय गं?" मामा म्हणाला.

"तू तवा झोळीत होतास."

चौथ्या दिवशी मोनिका परत निघाली. कृष्णराजची पाळी बदलणार होती. दैवशालाबाई राहिल्या. आठ दिवस झाले, दहा झाले. अण्णा रोज फोन करायचे, आणि फोन माळावर लागला तर लागायचा. बाराव्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच वाशीला गेले. मामानं त्यांना माळावर आणून सोडलं तेव्हा दुपार कलत होती. बायको लांबवर कळपामागं चालत होती. तिनं त्यांना पाहिलं, हात वर केला, पण घाईनं आली नाही. कळप वळवून, आपल्या चालीनंच आली. ते तोवर एका खडकावर बसून होते.

"चलायचं का?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी येते. तवर एक मेंढी व्यायची हाय."

 अण्णांनी भाकरी खाल्ली, मिरचीचा ठेचा तिखट लागला म्हणून दोनदा पाणी मागितलं. मग मामानं मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोरखंडाचं जाळं, लावायला घेतलं तेव्हा ते बाह्या दुमडून उठले. मामानं एक मेख त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी सरळ ठोकली आणि जाळं लगेच सैल पडलं.

"तिरकी," दैवशालाबाई पलीकडून म्हणाल्या. "बाहेरच्या अंगाला तिरकी ठोका."

त्यांनी मेख उपटली आणि पुन्हा ठोकली. त्या दिवशी शेवटची एसटी त्यांनी धरली नाही. दोघं सोमवारी मिळून ढोकीला आले. अण्णांच्या शर्टाला मेंढरांचा वास येत होता आणि मोनिकानं तो वेगळा भिजत टाकला.