डबकेबाईंचा पांढरा डाव

ठण्ण!

दुपारी सगळं घर निजलेलं, पंखासुद्धा बंद, आणि मागच्या दाराजवळच्या खिळ्यावरून मी निसटून फरशीवर आपटलो.

"पडलं वाटतं डबकेबाईंचं शस्त्र!" आतून आत्या पुटपुटल्या आणि कूस बदलून पुन्हा झोपल्या.

मित्रांनो, ते शस्त्र म्हणजे मी. मी एक जुना डाव आहे, म्हणजे मोठी पळीच. आतून पांढरंशुभ्र इनॅमल, काठाला काळी रेघ आणि मागे हातभर लांबीचा लाकडी दांडा. आता कोणी उचलेपर्यंत मला इथेच पडून राहायचं आहे, तर तेवढ्यात माझी गोष्ट सांगतो.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून वाटीसारखा आकार दिला, भट्टीत घालून इनॅमल चढवलं. माझ्याबरोबरचे मग, तसराळी, पातेली सगळी कोणाकोणाच्या स्वयंपाकघरात गेली. मी गेलो थेट सैन्याच्या छावणीत. तिथे तरी कोणाच्या ताटात काही वाढेन, अशी आशा होती. पण माझ्या वाट्याला आली डबकी!

पेटी उघडून मला बाहेर काढलं ते एका कोवळ्या पोरीने. तिची टोपी सारखी कपाळावर घसरायची. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. जवान आजारी पडले की औषध देणारे वेगळे होते. हिचं काम त्याच्या आधीचं. प्यायचं पाणी तपासायचं, मुदपाकखान्यात हात धुतात की नाही ते बघायचं, संडास कुठे खणायचे ते सांगायचं आणि उभं पाणी शोधायचं. कारण उभ्या पाण्यात डास अंडी घालतात, अंड्यांतून अळ्या निघतात आणि अळ्यांचे पुन्हा डास होतात.

डबक्यातून पाणी काढायचं म्हणजे सोपं काम नाही, बरं का. आपली सावली पाण्यावर पडली की अळ्या झपकन बुडी मारतात. मग वर नितळ पाणी आणि खाली सगळा गोतावळा. म्हणून ती उन्हाकडे तोंड करून, दबक्या पावलांनी यायची. मला तिरकं धरून काठाशी अलगद बुडवायची. वर काढलं की माझ्या पांढऱ्या पोटात बारीक काळ्या अळ्या वळवळताना दिसायच्या. मला गुदगुल्या व्हायच्या. तिच्या कपाळाला मात्र आठी पडायची.

"ओता!" ती म्हणायची. लगेच कोणीतरी धावत येऊन पिंप असो, टायर असो, फुटका डबा असो, पालथा करायचं. जवानांनी तिचं नाव ठेवलं होतं डबकेबाई. ती लांबून दिसली की एखादा ओरडायचा, "डबकेबाई आल्या रे! चहाचे कप पालथे करा!" ती हसायची नाही, कप खरंच बघून जायची.

एका मोसमात शेजारच्या छावणीत तापाने निम्मे बिछाने भरले. आमच्याकडे कोणी शिंकलंही नाही. मोठे साहेब आले, त्यांनी मला हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्याशा भांड्याने केलं हे?" तो दिवस आठवला की माझं इनॅमल अजून चमकतं.

वर्षं गेली. माझ्या काठाचे टवके उडाले, तिची टोपी कपाळावर नीट बसायला लागली. मध्यंतरी तिचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलीचे बाबा जहाजावर. म्हणून मुलीला सांभाळलं तिच्या आत्यांनी. आई सुट्टीवर घरी यायची तेव्हा मुलगी आत्यांच्या पदराआड लपायची. सैन्यातली मुदत संपली तेव्हा आई म्हणाली, "आता बास." भांडारातल्या माणसाने टवके पाहून मला मोडीत काढलं आणि तिच्याच हातात दिलं. "घेऊन जा बाई, तुमच्याशिवाय हा कोणाला हवाय?"

घरी आल्यावर माझे दिवस फिरले. आत्यांनी मला कुंड्यांना पाणी घालायला घेतलं. नंतर दांडा अडतो म्हणून कोपऱ्यात टाकलं. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं. आईचंही तसंच चाललं होतं. ती नोकरीसाठी हिंडत होती.

"सैन्यात होतात? म्हणजे नर्स?" एकाने विचारलं.

"नाही."

"मग डॉक्टर?"

"नाही. माणसं डॉक्टरकडे जाऊ नयेत, हे बघायचे."

"अस्सं," तो म्हणाला आणि घड्याळ बघू लागला.

शेवटी दोन कामं समोर आली. एक दूरच्या खाणीवर, पगार भरपूर, पण वर्षातून दोनदा घरी. दुसरं इथल्याच नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात, घरोघरी फिरून डासांची ठिकाणं शोधायचं. तेही कच्चं; काम पटलं तर ठेवणार. ती दुसऱ्याला हो म्हणाली. मुलगी आता कुठे तिच्या कुशीत झोपायला लागली होती. आईने कोळ्याचं जाळं झटकलं, मला राखेने घासलं आणि खिळ्यावर टांगलं. उद्या कामावर!

आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही घोटाळा केला.

एका अरुंद गल्लीत निळ्या दाराचं घर होतं. अंगणात उघडं पिंप. तिने मला बुडवलं. बाप रे, अळ्यांची नुसती जत्रा! तिने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. छावणीची सवय. दोन्ही हातांनी पिंप धरलं आणि आडवं केलं. भसाभसा पाणी गटारात गेलं.

आतून एक मावशी धावत आल्या. हातात ओला रुमाल.

"अगं ए! काय केलंस हे?"

"अळ्या होत्या, मावशी. पाणी साठलं होतं."

"साठलं नव्हतं, साठवलं होतं मी! नळ दिवसाआड येतो आमच्याकडे, तोही पहाटे. आत नवरा अंथरुणाला खिळलाय. त्याचं अंग आता कशाने पुसू? तुझ्या या पळीने?"

आईने रिकामं पिंप पुन्हा उभं केलं. छावणीत पाणी ओतलं की टँकर यायचा. इथे पिंपामागे रांग होती, बादल्या होत्या, दुखरी कंबर होती. ते तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. आम्ही दार वाजवलं की आतून माणूसच ओरडायचा, "घरी कोणी नाही!"

खात्याच्या साहेबांनी तिला बोलावलं. "तुमचं काम चोख आहे हो. पण दारच उघडत नसेल तर तो चोखपणा ठेवायचा कुठे? महिनाअखेरपर्यंत ती गल्ली तपासून झाली नाही, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

संध्याकाळी ती मला मांडीवर घेऊन बसली. खाणीवाल्यांचा पुन्हा फोन येऊन गेला होता. आत्या भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही हुकूम सोडता. परवा मला म्हणालात, 'कपडे आत घ्या.' मी सलाम ठोकणार होते."

"मग काय म्हणायचं?"

"'घ्याल का' म्हणायचं. जीभ झिजत नाही तेवढ्याने."

दुसऱ्या दिवशी ती निळ्या दाराशी गेली, ती दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन. मला काखेत मारलं होतं.

मावशी दारात आल्या. "आता काय सांडायचंय?"

"काही नाही. भरायचंय. भरू का?"

मावशी दारातून बाजूला झाल्या. मित्रांनो, मला एकदम डबक्याची आठवण झाली. उन्हाकडे तोंड करून, सावली न पाडता, अलगद. पाण्यापाशी तिला हे कधीचं येत होतं. माणसांपाशी ती आज शिकत होती.

पिंपात ओतण्याआधी तिने विचारलं, "आतून घासून देऊ? डासांची अंडी भिंतीला चिकटून बसतात. नुसतं पाणी बदलून जात नाहीत." दोघींनी मिळून पिंप घासलं. पाणी भरलं. मावशींच्या जुन्या साडीचा तुकडा तोंडावर घट्ट बांधला. कोपऱ्यातल्या एका फुटक्या घमेल्यात पाणी साचलं होतं, तिथे तिने मला मावशींच्याच हातात दिलं.

"बघता का तुम्हीच? हळू. काठाशी."

मावशींनी मला बुडवून वर काढलं आणि डोळे बारीक केले. "अगं बाई! हे वळवळतंय काय? आणि मी रोज देवाला विचारते, आमच्याच घरात ताप का येतो!"

त्यानंतर जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. मावशींनी मला सोडलंच नाही. मला तलवारीसारखं हातात धरून त्या शेजारच्या दाराशी गेल्या. "उघड गं, मी आहे. तुझं पिंप दाखव. लाजू नकोस, माझ्याकडेही होत्या." ते दार उघडलं. मग पुढचं. आई मागून हसत चालली होती. महिना संपायच्या आत सगळी गल्ली बघून झाली, आणि साहेबांनी तिची नोकरी पक्की केली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच, की पाण्याची पिंपं झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा घासा, आणि कोणी माझ्यासारखं भांडं घेऊन दारात आलं तर त्याला आत घ्या.

नोकरी पक्की झाली त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. आई मला खिडकीपाशी पुसत होती. मुलगी तिला टेकून रस्त्याकडे बघत होती.

"आई, माझ्या मैत्रिणीचे बाबा डॉक्टर आहेत ना, त्यांनी बरी केलेली माणसं त्यांना रस्त्यात भेटतात. हात हलवतात. तुझी कुठली?"

"माझी?"

"तुझ्यामुळे आजारीच पडली नाहीत ती."

आईचा हात माझ्या काठावर थांबला. खालून माणसं चालली होती, कोणी घाईत, कोणी रमतगमत.

"ती लाल पिशवीवाली त्यातली आहे का? आणि तो सायकलवाला? सांग ना, आई, त्यातला कोण?"