ठिपका न हलवणारी माणसं

फोनबाईंपुढे सहीसाठी आलेला कागद जेमतेम चार ओळींचा होता. एक तारखेपासून दवाखान्याची फोनची खिडकी बंद होणार होती आणि डोळे तपासायची वेळ फक्त वेबसाइटवरूनच मिळणार होती. फोनबाईंची बदली तळघरातल्या भांडारात झाली होती. ते कळलं आणि मान्य आहे असं लिहून खाली एक रेघ आखलेली होती. बाईंनी कागद दोनदा वाचला, त्याची घडी घालून नोंदवहीत ठेवला आणि वाजत असलेला फोन उचलला.

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात त्या बावीस वर्षं एकाच खुर्चीवर होत्या. खुर्चीची गादी तीनदा बदलली, फोन चारदा बदलला, बाई तशाच राहिल्या. प्रत्येक फोनची वेळ आणि कारण वहीत टिपायची शिस्त एका जुन्या अधीक्षकांनी लावली होती. अधीक्षक केव्हाच निवृत्त झाले. त्यांच्यानंतर ती वही कोणी मागितली नाही, तरी बाई लिहीत राहिल्या. तुमच्या वह्यांना वाळवी तरी लागते का हो, असं येणारेजाणारे विचारायचे. बाई म्हणायच्या, लागते, पण तीसुद्धा वेळ सांगून येते.

खिडकी बंद करायची ती वरच्या मजल्यावरच्या वेबसाइट विभागाच्या सांगण्यावरून. विभागाचे साहेब तिशीतले, नम्र आणि नीटनेटके होते. वेबसाइटवर येणारा माणूस कुठे जातो, कुठे थबकतो, कुठे दाबतो, हे सगळं त्यांच्याकडे नोंदलं जायचं आणि नंतर चित्रफितीसारखं बघता यायचं. माणूस दिसत नसे. त्याचं नाव, नंबर यांच्या जागी नुसत्या चांदण्या दिसत. दिसायचा तो माउसचा ठिपका, पडद्यावर इकडून तिकडे फिरणारा. साहेब दिवसभर ठिपके बघत बसतात हे कळल्यापासून फोनबाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव ठिपकेराव ठेवलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई डबा न उघडताच वर गेल्या. बंदच करायची तर कशाच्या जोरावर ते तरी दाखवा, एवढंच त्यांनी मागितलं. ठिपकेरावांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शेजारच्या चष्मेवाल्या मुलीला चार फिती लावायला सांगितल्या. बाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांना ते बघायला आवडलं. एक ठिपका डॉक्टरांच्या फोटोवर टकटक करत होता. फोटो दाबला की वेळ मिळेल असं त्या बिचाऱ्याला वाटत असावं. असे शेकडो लोक फोटो दाबतात हे लक्षात आल्यावर ठिपकेरावांनी फोटोखालीच वेळ घ्यायची सोय केली होती. बाई मनापासून म्हणाल्या की हे काम चांगलं आहे.

"आता शंभरातले एक्क्याण्णव लोक फॉर्म पुरा करतात," ठिपकेराव म्हणाले.

मग मला रोज पन्नास-साठ फोन कोण करतं, असं बाईंनी विचारलं. वेबसाइटवर जमलं नाही म्हणून फोन केला, असं त्यांतले निम्मे सांगतात. ठिपकेराव हसले. ती सवय असते काकू, म्हणाले, लोकांना माणसाशी बोलायचं असतं, म्हणून काहीतरी कारण देतात.

"आम्ही लोकांचं सांगणं धरत नाही, वागणं धरतो."

काकू म्हटलेलं बाईंना चाललं असतं. सांगणं धरत नाही, हे मात्र त्यांना झोंबलं. बावीस वर्षं त्यांनी दुसरं धरलं तरी काय होतं?

घरी त्यांची नणंद होती. वन्सं वयाने मोठ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांपुढे पडदा आला तो हटला नाही, म्हणून भावाकडे राहायला आल्या. नणंद-भावजयीचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींना टोचल्यावाचून दिवस जात नसे. भाऊ दोघींच्या मधून अंग चोरून वावरायचा.

बाईंनी कागद वाचून दाखवला, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "तुझ्या साहेबाला सांग, आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तुमच्या वेबसाइटवर बसले होते. चांगली अकरा मिनिटं. गोल गोल फिरवून बाहेर काढलं मला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू वेळ लावून दिली असतीस. मला माझी मला घ्यायची होती."

वन्संचा संगणक पडद्यावरचं वाचून दाखवायचा आणि वन्सं कळपाटावरची एक कळ दाबत रकान्यामागून रकान्यात उड्या मारत जायच्या. माउसला त्या हात लावत नसत. जो ठिपका दिसतच नाही, तो हलवणार कुठे? बाई हे सहा वर्षं बघत होत्या, पण त्याचा अर्थ त्यांना त्या संध्याकाळी कणीक मळताना लागला. हात तसाच परातीत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा वर गेल्या. साहेब जागेवर नव्हते. त्यांनी चष्मेवालीला आदल्या सकाळची नऊ दहाची अकरा मिनिटांची फीत दाखवायला सांगितलं. मुलीने शोधलं. नव्हती. बाई हलल्या नाहीत. मुलगी जरा घुटमळली, मग म्हणाली की वगळलेल्यांत असेल तर बघते. काही यंत्रं आपोआप वेबसाइटवर येऊन जातात. त्यांनी हिशोब बिघडू नये म्हणून ज्या फितीत ना ठिपका हलतो ना कुठे बोट टेकतं, ती यंत्राची समजून आधीच बाजूला पडते. एका आठवड्यात अशा दोनशेवर फिती निघायच्या. त्या कोणी बघत नसे.

नऊ दहाची त्यात होती.

मुलीने ती लावली. पडद्यावर ठिपका नव्हताच. नुसती एक निळी चौकट नावावरून नंबरवर, नंबरवरून तक्रारीवर गेली आणि तारखेच्या रकान्यावरून थेट उडी मारून "पुढे" या बटणावर. तारीख निवडायचं कॅलेंडर माउसने दाबल्याशिवाय उघडतच नव्हतं, आणि तारखेवाचून "पुढे" चालत नव्हतं. चौकट परत नावावर आली. पुन्हा नंबर, पुन्हा तक्रार. मधेच थांबायची, विचार केल्यासारखी, आणि पुन्हा निघायची. मुलगी मोजत होती. एकतीस फेऱ्या झाल्यावर पडदा रिकामा झाला.

"ही माझी नणंद," बाई म्हणाल्या. "यंत्र नाही. यंत्र एकतीसदा कशाला करून बघेल?"

मुलीने चष्मा काढून पुसला आणि दुसरी फीत लावली. तिच्यावर संपल्याची वेळ होती दहा बावीस. बाईंनी सोबत आणलेली फोनची वही उघडली. दहा पंचवीस: गृहस्थ, मोतीबिंदू, वेबसाइटवर तारीख घेत नाही म्हणतात. त्याच्या पुढची फीत अकरा चाळीसला संपलेली. वहीत अकरा एकेचाळीस: बाई, हात थरथरतात, फॉर्म अडकतो. दोघी चार दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत बसल्या. एका आठवड्यातल्या चौऱ्याऐंशी फितींना वहीत जोड सापडली. उरलेल्यांतली काही खरोखरच यंत्रं असतील. काहींनी फोनही केला नसेल. त्यांचं काय झालं ते कोणत्याच वहीत नव्हतं.

शुक्रवारच्या बैठकीला दवाखान्याच्या प्रमुख, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या बाई, होत्या. ठिपकेरावांनी एक्क्याण्णवचा आकडा मांडला आणि विचारलं की फोनबाईंची सही अजून का आली नाही. फोनबाईंनी वही टेबलावर ठेवली आणि चौऱ्याऐंशी माणसांचं सांगितलं. चष्मेवालीने मान खाली घालून, पण स्पष्ट आवाजात, हो म्हटलं.

ठिपकेरावांचे कान लाल झाले. ते तुटक बोलले, की कोणालाही आपली खुर्ची सोडवत नाही, हे समजू शकतो.

"हो, वाचवतेय खुर्ची," फोनबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं बसलेय तिच्यावर, का वाचवू नको? पण ही माणसं माझ्या खुर्चीसाठी घरात बसून फेऱ्या मारत नव्हती."

त्या उठल्या, साहेबांच्या संगणकातून माउसची तार ओढून काढली आणि माउस आपल्या पिशवीत टाकला. मग म्हणाल्या की साहेबांनी आत्ता स्वतःसाठी एक वेळ घेऊन दाखवावी. डोळे मिटायची गरज नाही, चांगले उघडे ठेवून घ्यावी.

साहेब मोठ्या बाईंकडे बघू लागले. मोठ्या बाई पडद्याकडे बघत होत्या. मग साहेबांनी कळ दाबायला घेतली. नाव, नंबर, तक्रार, "पुढे". पुन्हा नाव. तिसऱ्या फेरीला त्यांचं बोट जोरात आपटू लागलं. पाचव्या फेरीला ते थांबले.

"पण असं वापरतं कोण?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात कोण येतं, साहेब?"

मोठ्या बाईंनी दोन ओळींत निकाल तिथेच दिला: आधी कॅलेंडर दुरुस्त करा आणि वगळलेल्या फिती रोज बघा, खिडकीचं तोवर राहू दे. फोनबाईंना त्यांनी विचारलं, की मग सही कधी करणार. बाई म्हणाल्या, हा फोन आपणहून वाजायचा थांबेल त्या दिवशी. कोणी बंद केला म्हणून करणार नाही.

ठिपकेराव माणूस वाईट नव्हता. दोन आठवडे त्याने विभागातले सगळे माउस कपाटात कुलूपबंद ठेवले आणि सगळ्यांना कळपाटावर काम करायला लावलं. विभागात शिव्याशाप झाले, पण कॅलेंडर बाणाच्या कळांनी उघडायला लागलं आणि प्रत्येक तारीख मोठ्याने वाचू लागलं.

एका सकाळी वन्संनी भावजयीला डबा भरताना थांबवलं.

"मंगळवारी साडेदहाला माझी तपासणी आहे. माझी मी घेतली. तुझी आता काही गरज उरली नाही."

"छान झालं. मग आमटीचंही तेवढं बघा," फोनबाई म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण त्यांच्याकडून दोनदा चुकलं.

महिनाअखेरीला ठिपकेराव स्वतः खाली आले. हातात तोच चार ओळींचा कागद, तारीख बदललेली. काकू, फोन चाळीस टक्क्यांनी कमी झाले, ते म्हणाले. आवाजात आनंद होता आणि थोडी विनवणीही.

"म्हणजे साठ टक्के उरले," फोनबाई म्हणाल्या. "ते कुठे अडतात ते तुम्ही शोधा. कधी अडतात ते माझ्याकडून घेऊन जा."

बाईंनी वही त्यांच्याकडे सरकवली. फोन वाजला. ठिपकेरावांनी कागद मागे घेतला, खिशातून पेन काढलं आणि बाईंनी फोन उचलायच्या आत घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली.